मावशी, तुमचा विश्वास मला उसना न दिल्याबद्दल

प्रिय मावशी,

प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र तुमच्या हातात न देता असं सगळ्यांसमोर ठेवतेय, हे तुम्हाला फारसं रुचणार नाही, ठाऊक आहे. म्हणून तुमचं नाव कुठेही घेतलेलं नाही. मंडळीतल्या कुणी ओळखलंच, तर माझा इलाज नाही. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही 'बरं, पुढचं बोल' म्हणून विषयच संपवता. शिवाय डायलिसिसच्या खोलीबाहेर आज कुणीतरी नव्यानं येऊन बसलेलं असेल. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं बायबल, आणि डोक्यात एकच प्रश्न: आमच्याच घरी का? त्या माणसाच्या वाचनात हे यावं, असंही वाटतं.

मी कुठल्या घरातली हे तुम्हाला सांगायला नको, इतरांसाठी सांगते. आजोबा पाळक. घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर चार पिढ्यांच्या बाप्तिस्म्यांच्या तारखा, वेगवेगळ्या अक्षरांत. आजी पहाटे उठून एकेका नातवंडाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. पांघरुणातून मला माझं नाव ऐकू यायचं. घरात काही चांगलं झालं की सगळे म्हणत, आजोबांच्या प्रार्थना फळाला आल्या. मीही म्हणायचे, आणि मनापासून म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण देवाकडे मी जायचे ते ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन गेल्यासारखी: ही आपल्यापैकीच आहे, हिला आत सोडा.

मग यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. हाताला फिस्टुला आला, म्हणजे मशीनला जोडण्यासाठी शस्त्रक्रियेनं तयार केलेली शीर. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ते मशीन. पाणी मोजून प्यायचं, आत जाताना वजन, बाहेर येताना वजन. आणि चिठ्ठी काही चालेना.

त्या दिवसांत जी माणसं भेटायला आली, त्यांच्यावर माझा राग नाही. प्रेमानंच आली होती. आधी सगळ्यांचं म्हणणं एकच: तुमच्या मागे आजोबांची पुण्याई आहे, काही होणार नाही. (ख्रिस्ती माणसाच्या तोंडी पुण्याई! पण बोलतो आपण असंच.) महिने गेले, फरक पडेना, तेव्हा तीच पुण्याई उलटी फिरली. कुणीतरी हळूच विचारलं, घराण्यात पूर्वी काही झालं होतं का? एक पाहुणे उपदेशक तर कागदच घेऊन बसले. आजोबा, पणजोबा, त्यांच्याही मागचे, कोण कशानं गेलं, कुणी काय केलं, म्हणजे मग पिढीजात शाप तोडायची प्रार्थना करता येईल. आशीर्वाद रक्तातून वाहतो असं एकदा धरलं, की शापही त्याच वाटेनं येणार. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी भाबडेपणानं त्यांना नावं सांगत होते.

तुम्ही कोपऱ्यात बसला होतात. उठलात, योहानाचा नववा अध्याय काढलात आणि फक्त तेवढाच भाग वाचलात. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात: गुरुजी, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो: याचंही नाही आणि त्यांचंही नाही. पुस्तक मिटलंत, आणि त्या पाहुण्यांना अगदी आदरानं दारापर्यंत सोडून आलात. वाद नाही, आवाज चढवणं नाही. तो कागद मात्र तुम्ही घडी घालून पर्समध्ये टाकलात, तो मला पुन्हा दिसला नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं, मग दहा आज्ञांमध्ये बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत म्हटलंय, त्याचं काय? तुम्ही म्हणालात, त्याच्यापुढचं वाक्यही वाच, तिथे हजारो पिढ्यांवर दया आहे. आणि दोन्ही वाचून झालं की यहेज्केलाचा अठरावा अध्याय वाच. मी वाचला. इ. स. पू. ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला नेलेल्या बंदिवानांतलाच यहेज्केल हा संदेष्टा एक. त्या लोकांची एक म्हण होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. म्हणजे आम्ही भोगतोय ते वाडवडिलांचं. देव म्हणतो, ही म्हण आता पुरे. मग एक नीतिमान बाप, त्याचा हिंसक मुलगा आणि बापाचं बघून उलट वाटेनं जाणारा नातू असे तिघे उभे केलेत, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. चार अध्याय मागे तर याहून कडक आहे: नोहा, दानीएल आणि ईयोब देशात असले, तरी ते फक्त स्वतःचा जीव वाचवतील, पोरांनाही नाही. मला ते वाचून थंडी वाजली. म्हणजे आजोबांचा मला काहीच उपयोग नाही? तुम्ही म्हणालात, "आजोबांचं चांगलंही तुझ्या नावावर चढत नाही आणि त्यांच्या आज्याचं वाईटही नाही. सुटलीस की गं!" त्या दिवशी मला ते सुटणं वाटलं नाही. आता वाटतं.

खरे आभार मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी मानायचेत. मी एकदा तुम्हाला म्हटलं, मावशी, माझं राहू दे, तुम्हीच प्रार्थना करा, तुमचं देव ऐकतो. कुणीही दुसरं असतं तर तिथल्या तिथे डोळे मिटले असते. तुम्ही म्हणालात, "मी घरी करतेच आहे. पण तुझ्या वाटची करणार नाही." मला इतका संताप आला! माझ्यापाशी शब्द नाहीत म्हणाले, तर तुम्ही ८८ वं स्तोत्र उघडून मांडीवर ठेवलंत आणि चष्मा पुसत बसलात.

आमच्या घरात स्तोत्रं पाठ असायची. तेविसावं, एकशे एकविसावं, एकशे तिसावं. अठ्ठ्याऐंशीवं कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. विलापाची बाकीची स्तोत्रं कुठेतरी वळतात, शेवटाला तरी 'तथापि मी तुझ्यावर भाव ठेवीन' येतं. हे वळत नाही. माणूस रात्रंदिवस ओरडतोय, देव तोंड लपवतोय, जिवलग दूर गेलेत आणि शेवट अंधारावर. बस. मी म्हटलं, हे बायबलमध्ये कसं ठेवलं? तुम्ही म्हणालात, "ज्यांनी ठेवलं त्यांना तुझ्यासारखी कुणीतरी माहीत असणार." त्या आठवड्यात मी तेवढंच वाचत राहिले. तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच, हे कुठल्याही प्रवचनापेक्षा त्या पानानं मला जास्त नीट शिकवलं.

मग तुम्ही याकोब काढलात आणि आपण कितीतरी दिवस त्याच्यावरच अडकलो. मशीन आत सुरू, आपण बाहेर. मला वाटायचं, याकोबाची गोष्ट मला ठाऊक आहे. रविवारच्या शाळेत तीच तर रंगवली होती. पण तुम्ही ती शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायला लावलीत.

आंधळा झालेला इसहाक विचारतो, तू कोण? आणि अंगात भावाचे कपडे, हाताला आणि मानेला करडांची कातडी असा याकोब म्हणतो, मी एसाव, तुमचा थोरला मुलगा. त्याला आशीर्वाद मिळतो. वडिलांचा, खराखुरा, परत न घेता येणारा. पण मिळतो तो दुसऱ्याच्या नावानं. तो घेऊन त्याला घर सोडावं लागतं. बेथेलला स्वप्नात देव स्वतःची ओळख देतो ती 'अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव' अशी, म्हणजे आजोबा आणि वडिलांच्या नावानं, आणि याकोब जागा झाल्यावर बोली लावतो: मला भाकर दिलीस, वस्त्र दिलंस, सुखरूप परत आणलंस, तर तू माझा देव. पुढे मामा लाबानाकडे वीस वर्षं. फसवणारा तिथे फसवला जातो. परत निघतो, तर समोरून एसाव चारशे माणसं घेऊन येतोय. घाबरून प्रार्थना करतो, तेव्हाही सुरुवात तीच: माझ्या बाप अब्राहामाच्या देवा, माझ्या बाप इसहाकाच्या देवा.

तुम्ही तिथे बोट ठेवून म्हणालात, "हे बघ, अजून चिठ्ठीच."

मग यब्बोक नदी. बायकामुलं पलीकडे, हा एकटा. पहाटेपर्यंत एका अनोळखी पुरुषाशी झोंबी. मांडीचा सांधा निखळतो, तरी हा सोडत नाही, आशीर्वाद दिल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणतो. आणि पुन्हा तोच प्रश्न येतो, जो कित्येक वर्षांपूर्वी बापानं विचारला होता: तुझं नाव काय? या वेळी तो म्हणतो, याकोब. एवढंच. कातडी नाही, भावाचे कपडे नाहीत. सूर्य उगवतो तेव्हा तो लंगडत चाललेला असतो. पुढच्या अध्यायात शखेमाजवळ तो वेदी बांधतो, तिला नाव देतो एल-एलोहे-इस्राएल, म्हणजे देव, इस्राएलाचा देव. अब्राहामाचं नाव नाही, इसहाकाचं नाही. इस्राएल हे त्या रात्री त्याला मिळालेलं नाव, त्याचं स्वतःचं. मला हे कुणी दाखवलं नव्हतं. आमच्याकडे झोंबीवर प्रवचन व्हायचं ते चिकाटीचं: सोडू नका, मागत राहा, मिळेल. कंबर निखळलेली कुणाच्याच लक्षात नसायची.

ती रात्र तुम्हाला माहीत आहे. दोन डायलिसिसच्या मधला मोठा खंड, यांच्या फुप्फुसात पाणी साठलं, श्वास घेता येईना. त्यांना आत नेलं आणि मी बाहेर उभी. सवयीनं सुरू केलं, आजोबांच्या देवा... आणि पुढे काही येईचना. मग मी माझं नाव सांगितलं. मोठ्यानं. शेजारी बसलेल्या बाईनं वळून पाहिलं. म्हटलं, मी अमुक. मला भीती वाटतेय. मला तुझा राग आलाय. मी जाणार नाही इथून. एवढीच प्रार्थना. प्रकाश वगैरे काही नाही, वाणी नाही. त्यांच्यावर तातडीनं डायलिसिस झालं आणि सकाळपर्यंत त्यांचा श्वास सुरळीत झाला. त्याचं श्रेय मी मशीनला आणि तिथल्या नर्सला देते, माझ्या प्रार्थनेला लावत नाही. कारण आत गेलेल्या दुसऱ्या एका माणसाच्या बायकोनंही तशीच केली असणार, आणि तो माणूस वाचला नाही. पण त्या रात्रीपासून मी प्रार्थनेला बसते तेव्हा कुणाच्या मागून आत शिरत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला हे सांगितलं, तर तुम्ही 'स्तुती असो' म्हणाला नाहीत की साक्ष द्यायला उभं केलं नाहीत. म्हणालात, "बरं झालं. झोपलीस का जरा?"

आणखी एक ऋण आहे. ईयोबाच्या बायकोचं. प्रवचनांत ती बिचारी एका वाक्यावर फाशी जाते: 'देवाला शिव्याशाप दे आणि मर' म्हणणारी बाई. मीही तिच्याकडे तसंच बघत आले होते. तुम्ही विचारलंत, सात मुलगे आणि तीन मुली, त्या काय एकट्या ईयोबाच्या होत्या? गुरं गेली, चाकर गेले, दहा लेकरं गेली आणि आता नवरा राखेत बसून खापरीनं अंग खाजवतोय. ते बघणारी तीच. तिच्या तोंडी अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य आहे. शेवटी देव रागावतो तो अलीफज आणि त्याच्या दोन दोस्तांवर, ज्यांनी सगळं धर्माला धरून सांगितलं होतं. तिला एका शब्दानंही बोलत नाही. आजारी माणसाजवळ बसणाऱ्यांसाठी कुणी प्रार्थनेत वेगळी ओळ घालत नाही, मावशी. तुम्ही ती घातलीत. आणि दोस्तांचंही तुम्हीच दाखवलंत, की पहिले सात दिवस ते नुसते जमिनीवर बसून होते, एक शब्द न बोलता. तोवर ठीक होते. तुम्ही त्या सात दिवसांतल्या.

आता एक स्पष्ट करते, कारण असं काही लिहिलं की लोक त्याचा भलताच अर्थ काढतात. दुःख चांगलं असतं, असं मी म्हणत नाही. देवानं मला शिकवण्यासाठी यांच्या किडन्या घेतल्या, असं तर अजिबातच नाही. एका माणसाचं शरीर मोडून दुसऱ्याला धडा देणाऱ्या देवावर माझा विश्वास नाही. पौल रोमकरांना लिहितो, संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. ते सरसकट घडत नाही. त्याच बाकावर बसणारी माणसं मी कडवट होताना पाहिली, काही उपासनेला यायची थांबली, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या शेजारी कदाचित कुणी मावशी नव्हती. पौलाला स्वतःला तरी काय मिळालं? शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, माझी कृपा तुला पुरे, एवढं उत्तर मिळालं. आणि हाच पौल फिलिप्पैकरांना आपली वंशावळ ऐकवतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांचा इब्री. ऐकवतो आणि केरात टाकतो. इब्री लोकांस पत्रात तर खुद्द येशूबद्दल लिहिलंय की पुत्र असूनही तो सोसण्यातून आज्ञापालन शिकला. पुत्र असूनही! त्याच्याइतका थोर वारसा दुसरा कुणाचा? त्यालाही गेथशेमाने बागेतली, वधस्तंभाआधीची ती तळमळीची रात्र टळली नाही, मग आमच्या घराण्याची काय कथा.

तरी आजोबा-आजींना मी मोडीत काढलेलं नाही. मी चिडून एकदा म्हटलं होतं की ते सगळं व्यर्थ होतं, तेव्हा तुम्हीच मला थांबवलंत. आपला तरुण सोबती तीमथ्य याला पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण करून देतो, प्रेमानं. आणि पुढच्याच वाक्यात सांगतो की तुझ्यातलं कृपादान तू प्रज्वलित कर. आई-आजीनं सरपण रचलं असेल, फुंकर त्यानंच घालायची. पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनची आई मोनिका वर्षानुवर्षं मुलासाठी रडली, त्याच्या मागोमाग मिलानपर्यंत गेली. इ. स. ३८७ च्या ईस्टरला तिथल्या बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, पण त्याआधीची सगळी तगमग त्याची त्यालाच सोसावी लागली. ती त्याच्यासाठी रडू शकत होती, त्याच्या जागी विश्वास ठेवू शकत नव्हती. पहाटे पांघरुणातून ऐकलेलं माझं नाव मला त्या रात्री उच्चारता आलं, ते आजीमुळेच. हेही मला तुम्ही म्हणाल्यावर कळलं.

आमच्यात काय बदललं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. यांचं डायलिसिस सुरूच आहे. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे. पूर्वी मी 'आशीर्वादित घराणं' हे शब्द सहज वापरायचे, आता ते तोंडात येत नाहीत. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासानं तलवारीपासून वाचलेले आणि विश्वासानंच करवतीनं चिरलेले एकाच यादीत आहेत, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आजारी माणसाच्या घरी गेले की फार बोलत नाही. आणि प्रार्थना करा म्हणणाऱ्याला आधी विचारते, तुम्ही काय म्हणालात देवाला? लोक दचकतात. तुमच्याकडून उचललेली खोड.

एका बाबतीत मात्र आपलं अजून पटलेलं नाही, आणि त्यासाठीच शेवटचा भाग लिहितेय. लेकीचा दृढीकरणाचा, म्हणजे बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याच्या तयारीचा वर्ग यंदा सुरू होतोय. परवा तिनं विचारलं, "आई, तिथे उभं राहून जे म्हणायचं, ते मी तुमच्यासाठी म्हणायचं की माझ्यासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्या हाती पुन्हा तीच चिठ्ठी द्यायची नाही, एवढं पक्कं. पण चिठ्ठी गळून पडायला जे लागतं, ते तिच्या वाट्याला यावं असं कुठली आई म्हणेल? तुमचं म्हणणं, ते तुझ्या हातात नाही, तू गोष्ट सांग आणि बाजूला हो. मला वाटतं, घरात वडिलांचं मशीन बघत वाढलेल्या पोरीनं तिच्या वयाच्या मानानं पुरेशी झोंबी पाहिली आहे. तिला तिचं वेगळं यब्बोक कशाला हवं? तुम्ही यावर मान हलवता. हलवा.

पण वर्गात याकोबाचा धडा तुम्ही घ्यावा, असं मी पाळकसाहेबांशी बोलून ठेवलंय. ते तयार आहेत. रविवारी उपासनेनंतर, तळमजल्यावर, म्हणजे जिना नाही. गुडघ्याचं कारण चालायचं नाही. मुलं सात-आठच आहेत, आणि माझी पोरगी प्रश्न विचारून पुरती दमवेल. कुठल्या रविवारी जमेल तेवढं कळवा.

तुमची,
डायलिसिसच्या बाकावरची